बघून गेलेली माणसं

"मॅडम, हा कोण येडा हाय, रोज दीड वाजता एकच व्हिडिओ बघतोय?" सुभाषशेठनं लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवून विचारलं, आणि साधनानं, जी पाच वर्षं असल्या प्रश्नांची उत्तरं चहा पिता पिता देत आली होती, हातातला कप खाली ठेवला. सुभाषशेठची पिंपळवंडीला द्राक्षरोपांची मोठी नर्सरी. जाहिरात करायची, पण ती कुणाला दिसते, कशी दिसते, हे कळल्याशिवाय आपण हात घालत नाही, असं सांगून ते वारूळवाडीतल्या तिच्या ऑनलाइन जाहिरातींच्या ऑफिसात, म्हणजे शेतीऔषधांच्या दुकानावरच्या खोलीत, येऊन बसले होते. तिनं आधी त्यांच्याच फोनवर आपल्या आईच्या तांदळाची वेबसाइट उघडून दिली. या पानात एक ठिपका आहे, डोळ्यांना न दिसणारा, त्याला पिक्सेल म्हणतात, ती म्हणाली. कुणी पान उघडलं, कुठला तांदूळ पाहिला, मागणीच्या पानापर्यंत जाऊन मागं फिरलं का, एवढं तो जाहिरातवाल्या कंपनीला कळवतो. बाजारात टोमॅटो चाचपून पुढं गेलेलं गिऱ्हाईक आपल्याला लक्षात राहतं ना, तसं. मग जाहिरात गावभर उधळायची नाही, चाचपून गेलेल्यांनाच पुन्हा हाक मारायची. सुभाषशेठ खूश झाले. "म्हंजे बिबट्यासारखं. जनावर दिसत न्हाई, पण ठसा बघून कळतं कुठनं आलं, कुठं गेलं." ती हसली. हे उदाहरण पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायचं, असं तिनं मनात टिपूनही ठेवलं. दुसऱ्या कुणाच्या धंद्याचे आकडे दाखवणं तिच्या नियमात बसत नव्हतं म्हणून तिनं आईच्याच साइटचे उघडले, आणि तिथं तासातासाच्या आलेखात दीडच्या जागी रोज एक ठोकळा होता, एका माणसाचा.

तिला तो आधी दिसलाच नव्हता, याचं तिला जास्त नवल वाटलं. रोज सकाळी ती हेच आकडे बघायची. पण वाढलेले, पडलेले, ज्यातून काही करता येईल असे. एक या आकड्यातून काय करायचं? तो व्हिडिओ साइटच्या एका विसरलेल्या पानावर होता. सुरुवातीला, साइट कशी करायची हे नीट कळत नव्हतं तेव्हा, तिनं आईला ओट्यावर बसवून अडीच मिनिटं बोलू दिलं होतं: रोपांसाठी राब कसा भाजायचा, रोपं उपटून आवणी कधी करायची, पायाला चिखल्या झाल्या की काय लावायचं. असल्या लांबलचक बोलण्यानं तांदूळ खपत नाही हे पुढं तिला कळलं, तिनं नवं पान केलं, जुन्याकडं जाणारी वाट मुख्य पानावरून काढून टाकली. तरी कुणीतरी त्या पानावर येत होतं. शेवटपर्यंत बघत होतं. तिनं मागचे महिने उघडले. मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून, रविवार सोडून, रोज. कधी एक पस्तीस, कधी एक चाळीस. शहराच्या जागी गुजरातेतलं अंकलेश्वर लिहिलेलं होतं.

"नंबर निघतो का त्याचा?" सुभाषशेठनं विचारलं.

"नाही. नाव नाही, नंबर नाही. माणूस कळत नाही, फक्त कुणीतरी आहे एवढं कळतं."

"मग काय उपेग?"

"तुमच्या रोपांसाठी एवढं पुरतं," ती म्हणाली, आणि आवाज नेहमीसारखा निघाल्याचं तिला बरं वाटलं. काम ठरलं. सुभाषशेठ जिना उतरून गेले. ती खुर्चीत बसून राहिली. खाली कुणीतरी करप्यावरचं औषध मागत होतं, रस्त्यावरून टोमॅटोच्या क्रेटांचा टेम्पो खडखडत गेला, आणि तिच्या तोंडात एकाएकी जळक्या तंदुरी रोटीची चव आली; तसली रोटी तिनं बारा वर्षांत मुद्दाम कधी खाल्ली नव्हती. खरं तर रविवारी सुट्टी असणारा, दीड वाजता जेवायला बसणारा माणूस अंकलेश्वरला एकच असतो थोडाच. तिथं कारखाने आहेत, हजारो माणसं दीड वाजता जेवतात. शिवाय शहराचं नाव कधी कधी चुकतं, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते. पण तिची खात्री पटली होती. तिच्या कामात पुराव्याआधी खात्री पटणं वाईट समजतात, आणि तरी तिची सगळी चांगली कामं तशीच झाली होती. तो रामनाथ होता. तिचा दादा.

बारा वर्षांपूर्वी ती एकोणीस वर्षांची होती, मंचरला कॉलेजात. रामनाथ तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, डिप्लोमाला. वडिलांनी, हौशीरामनं, म्हणजे आप्पांनी, त्या उन्हाळ्यात तिला सांगितलं होतं की एक वर्ष घरी थांब, रामूचं एवढं होऊ दे, मग तुझं बघू. वह्या गोणीत घालून माळ्यावर टाकायला तिनं आईला मदतही केली होती. आणि मग वसतिगृहातलं सामान आणायला म्हणून मंचरला गेली असताना, मैत्रिणींबरोबर हायवेवरच्या एका हॉटेलात शिरली, तर काउंटरच्या मागं, काळपट ॲप्रन बांधून, लांब आकडीनं भट्टीतून रोट्या काढत रामनाथ उभा होता. त्यानं कॉलेज सोडून आठ महिने झाले होते, हे नंतर कळलं. मैत्रिणींना काही न सांगता ती बाहेर आली आणि बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावून आप्पांना बोलवून घेतलं. आपण काय बोललो ते तिला शब्द न शब्द आठवतं. आवाज थंड होता हेही आठवतं. आप्पा त्याच दुपारी आले, बरोबर दोन भावकीतले. भरल्या हॉटेलात त्यांनी पायातली चप्पल काढली. साधना रस्त्याच्या पलीकडे, उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभी होती. रामनाथनं मार चुकवला नाही. झाल्यावर त्यानं ॲप्रन सोडला, घडी घातली, काउंटरवर ठेवली, आणि आप्पांच्या अंगावरून, त्यांना जराही धक्का न लावता, बाहेर पडून नाशिककडच्या एका ट्रकला हात केला. त्यानंतर त्याचा काही पत्ता लागला नव्हता. घडी घालायला त्याला जो वेळ लागला तो तिला नंतर कित्येकदा मोजावासा वाटला. साधनाचं कॉलेज मात्र चालू राहिलं. तिनं ते चांगल्या मार्कांनी पूर्ण केलं. आप्पांना कसं कळलं, हे घरात कुणी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या जुन्या पानावर येणारे तेवढेच वेगळे काढून त्यांना जाहिरात दाखवता येते का, हे तिनं दुसऱ्या दिवशी करून पाहिलं. संख्या फार कमी, असं उत्तर आलं. एका माणसाला हाक मारायची सोय या यंत्रात नव्हती, आणि नसावी हेच बरोबर, असं तिला मनापासून वाटलं. गेल्या सहा महिन्यांत साइटवर येऊन काही न घेता परत गेलेले, एवढा मोठा घोळका केला तेव्हा कुठं तो चालला. अकराशेच्या आसपास माणसं. त्यांत तो असेल. म्हणजे एकाला सांगायचं ते अकराशेंना सांगायला हवं होतं. दुसरा रस्ता सरळ होता: गाडीत बसून अंकलेश्वरला जायचं, फोटो दाखवत कारखान्यांच्या फाटकांवर उभं राहायचं. ती ते करू शकली असती. माणसं शोधण्यात ती हुशार होती, तेव्हाही होती. तिनं तो विचार बाजूला ठेवला, आणि ठेवताना तिला आपण मोठे झालो असल्याचा एक साधा, भक्कम आनंद झाला.

मे महिन्यातली ती सकाळ. स्कूटरवरून मंचर, घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं वर गावी. भागूबाई, तिची आई, अंगणात हिरडा वाळत घालत होती. साधनानं तिला भातखाचरांकडे पाठ करून ओट्यावर बसवलं, फोन तिवईवर लावला, आणि म्हणाली, तांदळाबद्दल दोन शब्द बोल, थोडक्यात. भागूबाईनं फोनकडे बघितलं, मग लेकीकडे.

"कोण हाय?"

"कोण म्हणजे?"

"गिऱ्हाइकासाठी असतं तवा तू आधी पदर सारखा कराया लावतीस. आज न्हाई लावलास."

साधनाला हे सगळं नीट जुळवून सांगायचं होतं, ठसे, आकडे, खात्री किती आणि शंका किती, पण तोंडातून एवढंच आलं, "कुणीतरी रोज दुपारी तुझा जुना व्हिडिओ बघतंय, आई. मला वाटतं दादा." भागूबाईच्या हातात एक हिरडा होता. तो तिनं बोटांत फिरवला, नखानं साल दाबून बघितली, वाळला नाही असं ठरवून बाजूला ठेवला. मग विचारलं, "जेवतो का वेळेवर?" हे पिक्सेल सांगत नाही, असं साधना म्हणू शकली नाही. "दीड वाजता," ती म्हणाली. तेवढ्यात हौशीराम खाचरातून वर आले. गुडघ्यावर हात ठेवत ते दाराशी थांबले. त्यांनी ऐकलं होतं. ते फोनच्या तिवईकडे, एखाद्या साहेबाकडे बघावं तसं बघत राहिले आणि म्हणाले, "मी बी काय बोलू का?"

"नगा," भागूबाई म्हणाली. "त्या दिशी बोलला तेवढं पुरं."

ते परत खाली गेले. आईच्या तोंडून इतकं सरळ वाक्य साधनानं आयुष्यात ऐकलं नव्हतं. मग साधनानं फक्त एक अट घातली: नाव घ्यायचं नाही. अकराशे माणसं बघणार आहेत. भरल्या हॉटेलात एकदा झालं तेवढं बस. भागूबाईला ते लगेच पटलं. तिनं पदर स्वतःच सारखा केला आणि फोनच्या त्या काळ्या टिकलीकडे बघत, शेजारच्या माणसाशी बोलावं तशी बोलली, "तुज्या वाट्याचा तांदूळ मी दर साली येगळा काढून ठिवती. उंदरं नासत्यात थोडा, पण ठिवती. कंदी बी ये. कुणी काय इचारणार न्हाई." एवढंच. साधनानं पुन्हा घेतलं नाही. खाली 'मागणी नोंदवा' हे बटण मात्र तिनं सवयीनं ठेवलं, कारण बटणाशिवाय जाहिरात तिला दाराशिवाय घरासारखी वाटायची.

जाहिरात सोमवारी सुरू झाली. बुधवारपर्यंत जे झालं त्याची तिला कल्पना नव्हती. उल्हासनगरहून एका माणसाचा निरोप आला, काकूंना सांगा, येतो म्हणून. पिंपरीहून एका बाईचा फोन आला. ती बाई मिनिटभर नुसती नाक ओढत राहिली, मग 'चुकून लागला' म्हणाली आणि ठेवून दिला. तांदूळ मागणारे नेहमीपेक्षा पुष्कळ होते. काहीजण किती हवा ते न लिहिताच पत्ता पाठवत होते. आणि सुभाषशेठचा फोन आला, ओरडतच. "मॅडम, तुमची आई माझ्या फोनवर आली! मी गाडी बाजूला घिऊन तीनदा बघितलं राव." तिला आठवलं, त्या दिवशी तिनंच त्यांच्या फोनवर साइट उघडून दिली होती, तेही बघून गेलेल्यांत मोजले गेले होते. "लई भारी," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "आपल्या रोपांची अशी करता येईल का?" "नाही," ती म्हणाली, "रोपं कुणाला ये म्हणत नाहीत." ती स्वतःच त्यावर मोठ्यानं हसली.

पण बुधवारी दीडचा ठोकळा नव्हता. गुरुवारी नव्हता. शुक्रवारी तिनं एक पंचवीसला पान उघडून ठेवलं आणि दोनपर्यंत त्याच्याकडे बघत बसली. आपण चाहूल दिली. पाणवठ्यावर रोज येणाऱ्या जनावराला वाऱ्यानं माणसाचा वास जावा, तसं झालं. पहिले दोन दिवस तिला हे खरंच वाटलं. गिऱ्हाइकांच्या कामात तिच्या चुका झाल्या. एका कृषी पर्यटन केंद्राची जाहिरात तिनं चुकून तिथल्या मालकालाच दिवसभर दाखवली. तिसऱ्या दिवशी मात्र तिच्यातलं काहीतरी ताठ झालं. तो पळाला असेल तर पळाला. मागच्या वेळी तिनं दुसऱ्याच्या हातात चप्पल दिली होती. या वेळी तिनं आईचा आवाज दिला होता. दोन्हींचा परिणाम सारखाच झाला तरी दोन गोष्टी सारख्या होत नाहीत. हे तिनं स्वतःला समजावलं नाही. ते तिला नुसतं दिसलं, समोरच्या रस्त्यासारखं. तिनं जाहिरात बंद केली नाही.

दहाव्या दिवशी, दुपारीच, साइटवरच्या नंबरावर फोन आला. बाईचा आवाज, मराठी बोलायची पण शब्दांवर दुसऱ्याच गावचा झोक.

"साधनाबेन का? मी ज्योत्स्ना. अंकलेश्वरवरून. रामनाथची मिसेस."

साधना उभी राहिली. का उभी राहिली ते तिला कळलं नाही.

"तो व्हिडिओ मी लावायची," ज्योत्स्ना म्हणाली. "मला भात शोधताना मिळाला, नाव वाचलं, गाव वाचलं. ते जेवायला घरी येतात, तेव्हा त्यांच्याच फोनवर लावायची. ते कधी बघायचे नाहीत. भिंतीकडे तोंड करून जेवायचे. पण एक दिवस मी नाही लावला, तर जेवलेच नाहीत, ताट घेऊन बसून राहिले. मग मी रोज लावला. आता हा नवा त्यांच्याच फोनवर आला. ते मला म्हणतात, तू केलंस, आणि जुना लावूच देत नाहीत. मी नाही केलं. तुम्हाला कसं कळलं, आम्ही आहोत ते?"

साधनानं तिला सगळं सांगितलं, सुभाषशेठला सांगितलं होतं त्याच शब्दांत, ठिपका, मोजणी, घोळका. आणि सांगताना पहिल्यांदाच तिला जाणवलं की त्या एका ठोकळ्यात दोन माणसं होती. एक लावणारं आणि एक पाठ करून ऐकणारं. ठिपक्याला एकच दिसलं होतं. पलीकडं काही वेळ भांड्यांचा आवाज आला, मग फोन हातातून हातात गेल्याचा.

"साधे."

आवाज जाड झाला होता. तिनं बारा वर्षं जे तोंडात धरलं होतं ते आधी काढून टाकलं, कारण नंतर ते निघणार नाही हे तिला माहीत होतं. "दादा, त्या दिवशी आप्पांना मी सांगितलं होतं."

"ठाव हाय मला," रामनाथ म्हणाला. "तू दारातनं आत आलीस, तवाच मी तुला बघितलं. बूथकडं गेलीस ते बी बघितलं. दोन तास व्हते मला पळायला."

"मग?"

"मग काय. खोटं बोलून दमलो व्हतो गं. म्हटलं, कळू दे एकदाचं. एवढं मारतील असं न्हवतं वाटलं." तो हसला का, ते तिला नीट कळलं नाही. ती खुर्चीत बसली. रामनाथनं विचारलं, "त्या नव्या व्हिडिओत आईच्या मागं बांध दिसतोय. खालच्या खाचराचा. तो कुणी घातला?"

"आप्पांनी."

"एकट्यानं?"

"एकट्यानंच. कुणाला हात लावू देत नाहीत."

"लई वाकडा घातलाय. पाणी चढलं की बाहीर पडंल. रोपं जातील समदी." मागं ज्योत्स्ना हळू आवाजात काहीतरी म्हणाली. "मी येतो. आवणीच्या आधी. आमी दोघं येतो."

फोन ठेवल्यावर तिनं लगेच घरी लावला. आई उचलेल असं धरून लावला, पण आई हिरडा विकायला घोडेगावला गेली होती. उचलला आप्पांनी. क्षणभर तिला वाटलं, ठेवून द्यावा, आई आल्यावर सांगावं. पण तिनं ठेवला नाही.

"आप्पा, दादाचा फोन आला होता."

"कुठं हाय त्यो?"

"ते मी नाही सांगणार," साधना म्हणाली. आवाज थंड नव्हता आणि कापतही नव्हता. "येतो म्हणालाय, बायकोला घेऊन. स्वतःच येतोय. खालच्या खाचराचा बांध वाकडा आहे, तो नीट करायचाय म्हणे."

लांब कुठंतरी, आप्पांच्या बाजूला, एक म्हैस हंबरली. आप्पांचा फोन कानावरून जरा दूर गेला असावा, कारण ते बोलले तेव्हा ते तिला उद्देशून नव्हतं, खाली उतारावर बघत बोलल्यासारखं होतं.

"झालाय खरा वाकडा," ते म्हणाले.